बाजाराच्या दिवसाचं पाणी

आष्टी
१६ एप्रिल २०२४

चि. वच्छला,

अनेक आशीर्वाद. प्रफुल आणि सूनबाई खुशाल असतील.

फोनची आता आशा सोड. माझे कान पुरते गेले. कानाचं मशीन आणलं आहे, पण ते घालून दुकानात बसलं की सगळी भांडी डोक्यातच वाजतात, म्हणून ते जास्त करून खिशातच असते. भांड्याचं दुकान अन् बहिरा मालक, गिऱ्हाइकांना मजा वाटते. तुह्या वहिनीचं, शकुंतलाचं म्हणणं, मोबाईलवर लिहीत जा. पण तिकडं मोबाईल प्रफुलजवळ, तो आधी वाचणार अन् मग तुले सांगणार. त्यापेक्षा पत्र बरं. तू सातवीपर्यंत शिकली, अक्षर माझ्याहून चांगलं. आळस न करता उत्तर लिहिजो.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात मले मुतखडा झाला. कमरेतून अशी कळ निघाली की दुकानाच्या गादीवरच लोळलो. वर्ध्याला नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, सकाळी उठल्यावर काय पिता? मी म्हटलं, चहा. दुपारी? चहा. दुकानात? तिथंही चहाच. तो शकुंतलाकडे पाहून हसला अन् म्हणाला, यांना पाण्याची सवय लावा, औषध मग देऊ.

तेव्हापासून मी नेम बांधला आहे. चूळ भरली की दोन गिलास पाणी, खाली बसून, घोट घोट. पहिले काही दिवस पोट नुसतं डुचमळत होतं अन् विसरायचोही. मग युक्ती केली. पेपर उघडायच्या आधी पाणी. पाणी नाही तर पेपर नाही. आता डोळे उघडले की घसाच पाणी मागतो. एवढी सोपी गोष्ट, सत्तरीला टेकल्यावर कळली.

तूही सुरू कर. तू तर उन्हात बसणारी. बाजारात दिवसभर डाले मांडून बसते, तुह्या अंगात पाणी राहिलंच पाहिजे. उद्यापासून सुरू कर आणि तसं मले कळव.

तुझा दादा,
बंडू

*

अल्लीपूर
२९ एप्रिल २०२४

ती. दादा,

वच्छलाचा नमस्कार, वहिनीलेही सांगजा.

तुमचं पत्र आलं तवा मी पालकाच्या जुड्या बांधून राह्यली होती. हात ओले, म्हणून पिंकीले फोडाले लावलं. तिनं वाचाले सुरवात केली तशी मी हिसकून घेतलं. सून चांगली आहे, पण भावाचं पत्र आपलं आपण वाचलं पाह्यजे.

एवढं दुखणं झालं अन् तुमी आता सांगता? वहिनीनंही कळवलं नाई. मी आली असती, चार दिवस राह्यली असती. आता बरं आहे ना? जड भांडे उचलू नका.

इकडं ऊन लई आहे. बोअरचं पाणी कमी झालं, पण वांगे अन् सांभाराचा वाफा टिकून आहे. आठवड्याचे तीन बाजार मी करते, बाकी दिवस वावरात. प्रफुल म्हणते, आई, आता तू घरी बस, पिंकी जाईल बाजारात. मी म्हणते, हातपाय चालते तोवर मी जाईन. तिचं वय काय, माणसाच्या गर्दीत दिवसभर बसाचं.

पाण्याचं तुमी म्हणता ते बरोबर आहे. पण सकाळी जुड्या करा, डाले भरा, ऑटोवाला भोंगा वाजवते, त्या घाईत विसरते. रिकाम्या पोटी पाणी मले सोसतही नाई, मळमळते. करून पाहीन.

तुमची
वच्छला

*

आष्टी
१२ मे २०२४

चि. वच्छला,

आशीर्वाद. मळमळते हे मले पटलं नाई. मलेही झालं होतं. सुरवातीला अर्धाच गिलास घ्यावा, थोडं कोमट. आठ-दहा दिवसांत पोट ऐकते. अन् विसरण्यावर उपाय सांगतो. जे काम तू रोज सकाळी न चुकता करते, त्याच्या आधी पाणी ठेव. तू जुड्या बांधते ना, तर पहिली जुडी बांधायच्या आधी पाणी प्यायचं. सवय अशीच लागते, जुन्या कामाच्या गळ्यात बांधायची.

दुकानातली एक चांगली जाड स्टीलची बाटली पाठवतो आहे. हिंगणघाटला माल घेऊन जाणारा ओळखीचा ट्रकवाला आहे, तो प्रफुलजवळ देईल. बाटली बाजारात घेऊन जायची अन् रिकामी घरी आणायची. कोणी मागितली तर देऊ नको.

मी इथं सगळ्यांनाच सांगून राह्यलो. शेजारचा कापडवाला मले टाळते आता. पण त्याची बायको पाणी पिऊ लागली असं शकुंतला म्हणते.

तुझा दादा

*

अल्लीपूर
२ जून २०२४

ती. दादा,

नमस्कार. बाटली मिळाली. लई सुरेख आहे, पिंकीनं तिले आतून चिंच लावून घासली. वावरात नेते मी.

तुमी सांगतल्यासारखं मी सकाळी पाणी पिते. पहिली जुडी बांधायच्या आधी. खरं सांगते, बरं वाटते. पोट साफ होते अन् डोकं दुखत नाई. पण हे बाजार नसते त्या दिवशी. बाजाराच्या दिवशी जमत नाई. काऊन जमत नाई ते विचारू नका, बाईमाणसाचे शंभर कामं असते.

कमर दुखते अधूनमधून. ओझ्यानं असंल. मेडिकलवाला गोळ्या देते, दोन घेतल्या की संध्याकाळपर्यंत बसता येते.

पेरणीची तयारी चालू आहे. वहिनीच्या हातचं आंब्याचं लोणचं उरलं असंल तर ट्रकवाल्याजवळ पाठवजा, पिंकीले डोहाळे लागले आहेत. हे अजून कोणाले सांगू नका.

तुमची
वच्छला

*

आष्टी
२१ जुलै २०२४

चि. वच्छला,

आशीर्वाद. लोणचं पाठवलं आहे. पिंकीले जपजो. ही बातमी वाचून शकुंतलानं देवापुढं साखर ठेवली.

पण तुझं पत्र वाचून मले राग आला, तो लिहितोच. बाजार नसते त्या दिवशी पिते अन् बाजाराच्या दिवशी नाई, हे काय उलटं काम? ज्या दिवशी सगळ्यात जास्त पाणी पाहिजे त्याच दिवशी नेम मोडायचा? अर्धी सवय म्हणजे सवय नव्हे. त्यात मेडिकलच्या गोळ्या. पाणी फुकट आहे ते घेत नाई अन् गोळ्या विकत घेते. लहानपणापासून तू अशीच हट्टी. काऊन जमत नाई ते विचारू नका म्हणते. विचारतो. काऊन जमत नाई?

इथं एक कटकट झाली. आमच्या ओट्यासमोर बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बसतात हे तू पाहिलं आहे. त्यात एक आनंदाबाई नावाची म्हातारी आहे. तिनं शकुंतलाले विचारून बोळातून मागच्या अंगणात जाणं-येणं सुरू केलं. तिच्यामागून बाकीच्या. मी गेलो तर मागं संडासापुढं चार-पाच बाया उभ्या. लग्नाचं गिऱ्हाईक दुकानात भांडी पाहून राह्यलं अन् बाजूनं ही ये-जा. चांगलं दिसते का? मी बोळाच्या फाटकाले कुलूप घातलं. शकुंतला काहीतरी म्हणाली, पण मशीन खिशात होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाई. तसंही मले ऐकू येत नाई.

तू बाजारात बसणारी, तूच सांग. एकीले हो म्हटलं की बाजार घरात येतो की नाई?

तुझा दादा

*

अल्लीपूर
४ ऑगस्ट २०२४

ती. दादा,

नमस्कार. लोणचं मिळालं.

तुमी विचारलं म्हणून लिहिते. तुमचं घर आहे, कुलूप लावलं ते लावलं. मी काय सांगू. त्या आनंदाबाई कोणत्या गावच्या? लांबून येत असतील. कुलूप पाहून त्या काही म्हणल्या नसतीलच.

वहिनीवर रागावू नका.

पाण्याचं मी पाहीन. थोडी कणकण आहे, पावसाचे दिवस आहे म्हणून असंल. पत्र लहान झालं, बोटं दुखते.

तुमची
वच्छला

*

आष्टी
१० नोव्हेंबर २०२४

चि. वच्छला,

भाऊबीजेला तू आली नाई. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदा झालं. शकुंतलानं पाट मांडला, ताट केलं, अन् दुपारी उचलून ठेवलं. ऑगस्टपासून तुझं पत्र नाई. मले वाटलं कुलपाचा राग आला. पण तुह्यासारखी शहाणी बाई त्या गोष्टीचा राग कायले धरेल, म्हणून वाट पाहिली.

काल प्रफुलचा शकुंतलाले फोन आला. ताप उतरत नव्हता म्हणून वर्ध्याला दवाखान्यात भरती केलं, किडनीचं आहे म्हणाला. तिनं पाटीवर लिहून मले दाखवलं. 

वच्छला, मी काय सांगत होतो? एप्रिलपासून एकच गोष्ट सांगत होतो. दोन गिलास पाणी. काय कठीण होतं? मी सत्तरीचा म्हातारा शिकलो अन् तुले शिकता आलं नाई. माणसानं स्वतःच्या जिवाशी इतकं बेफिकीर राहू नये. आता तरी डॉक्टर सांगेल तसं कर अन् पाणी पी.

लग्नसराईचा माल उतरून राह्यला आहे, तो लावला की येतो.

तुझा दादा

*

वर्धा
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजींस,

पिंकीचा नमस्कार. हे पत्र मी आईंना न सांगता लिहीत आहे. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून लिहीत आहे, अक्षराबद्दल माफ करा.

तुमचं पत्र यांनी अल्लीपूरहून इथं आणून दिलं. आईंना चष्मा नव्हता, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी अर्धं वाचून थांबली. त्यांनी विचारलं, दादा काय म्हणतात? मी म्हटलं, तब्येतीला जपा म्हणतात, माल लागला की येतो म्हणतात. त्यांना बरं वाटलं. पुढचं मी वाचलं नाही. पण मला ते पचलं नाही, म्हणून लिहीत आहे. मी सून आहे, माझं चुकत असेल.

मामाजी, आईंना पाण्याची सवय लागली नाही असं नाही. घरी असल्या की त्या रोज सकाळी पाणी पीत होत्या, तुमच्या बाटलीनं. मलाही पाजत होत्या. पण बाजाराच्या आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी बंद करायच्या. सकाळी चहासुद्धा दोन घोट. कारण तिथं बाईमाणसाला जायला जागा नाही. पहिले बाजाराच्या मागं वावर होतं, तुरीच्या आडोशाला बाया जाऊन यायच्या. तिथं आता प्लॉट पडले, घरं झाली. एक भिंत आहे, तिच्या आडोशाला पुरुष जातात. एखादीच्या ओळखीचं घर असलं तर ती जाते, पण रोज रोज कोण येऊ देते? म्हणून बाया पीतच नाहीत. आई सकाळी जायच्या ते संध्याकाळी घरी आल्यावर डाले दारातच टाकून आधी मागं पळायच्या. जळजळ होत होती, थंडी वाजून ताप येत होता, तेही त्यांनी लपवलं. कमरेचं दुखणं ओझ्याचं म्हणून गोळ्या घेत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, एकाच गोष्टीनं होत नाही. जुनं इन्फेक्शन वर चढलं, गोळ्यांनीही नुकसान केलं. दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिस सुरू झालं. ते आता बंद होणार नाही असं यांना बाजूला घेऊन सांगितलं.

मी त्यांना म्हटलं होतं, मामाजींना खरं कळवा, ते समजून घेतील. त्या म्हणाल्या, भावाला असं कसं लिहिते बाई? तुमचं कुलपाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते मला वाचायला दिलं. एरवी कधी देत नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, दादाची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग सांभाराच्या जुड्या निवडत बसल्या. 

माल नंतर लावा. या.

तुमची सूनबाई,
पिंकी

*

आष्टी
८ डिसेंबर २०२४

चि. वच्छला,

आशीर्वाद. दवाखान्यात आलो तेव्हा तुह्याशी काही बोललो नाई याचं तुले नवल वाटलं असेल. सहा तास बाजूला बसलो अन् वांगी कशी आहेत, बोअर कसा आहे, एवढंच विचारलं. मशीन कानात घातलं होतं. पण त्या खोलीत आठ खाटा, प्रत्येकीजवळ माणसं. मी विषय काढला असता तर तुले मोठ्यानं उत्तर द्यावं लागलं असतं. जी गोष्ट तुले मले लिहिता आली नाई, ती तू त्या आठ खाटांपुढं ओरडून सांगावी, हे मले नको होतं. म्हणून गप्प बसलो. पिंकीनं मले सगळं लिहिलं आहे. तिच्यावर रागावू नको.

माझ्या हातून तिथं एक झालं, ते तू पाहिलं. तुले ठसका लागला. मी सवयीनं गिलास भरला अन् तुह्या तोंडाजवळ नेला. नर्सनं माझा हात धरला. म्हणाली, "बाबा, यांचं पाणी मोजून आहे. आजचं झालं." तू मान हलवली अन् माझ्याकडे पाहून हसली. मले समजावून सांगत असल्यासारखी.  मी तो गिलास नेऊन मोरीत ओतला. पिण्याची हिंमत झाली नाई.

सहा-सात महिने मी तुले पाणी पी म्हणून रागावलो. तुमच्या बाजारात पाणी पिऊन बाई जाते कुठं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाई. आलं नाई असंही म्हणता येत नाई. माझ्याच अंगणात त्या बाया उभ्या होत्या. मी पाहिलं. अन् ज्या पत्रात तुले पाण्यावरून बोललो, त्याच पत्रात कुलपाचं लिहिलं अन् वरून तुलेच विचारलं, चांगलं दिसते का म्हणून. ते वाचताना तुले काय झालं असेल.

घरी आल्यावर शकुंतलाले विचारलं, त्या दिवशी तू काय म्हणाली होती? तिनं पाटी घेतली नाई. माझ्या खिशातलं मशीन काढून तिनं स्वतः माझ्या कानात बसवलं अन् म्हणाली, "वच्छलाबाईही कुठं तरी अशाच कोणाच्या दारात उभ्या राहत असतील, असं म्हणाली होती." तिले कळलं होतं. मी ऐकलं असतं तर जुलैतच मले कळलं असतं. जुलैत तुही नुसती कमर दुखत होती.

फाटक उघडलं. कुलूप काढून टाकलं, संडासाची कडी दुरुस्त केली, आत बल्ब लावला. बाजाराच्या दिवशी ओट्यावर पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवला अन् स्वतः उठून बायांना सांगतलं की पाणी प्या अन् मागं जायचं तर जा. त्यांनी हात जोडले. कोणी पाणी घेतलं नाई, कोणी मागं गेलं नाई. पुढच्या बाजारालाही तेच. एकदा ज्यानं कुलूप लावलं, तो पुन्हा लावणार नाई याचा भरवसा त्यांनी काऊन धरावा? आनंदाबाई दिसली नाई. विचारलं तर शेजारची म्हणाली, ती आता या बाजाराला येत नाई. गाव विचारलं, तेही तिले नीट सांगता आलं नाई.

मग शकुंतला स्वतः त्यांच्यात जाऊन बसली. मी आत होतो, काय बोलली माहीत नाई. दुपारी दोघी-तिघी बोळातून गेल्या. मी पेपर तोंडापुढं धरला.

याचा तुले काही उपयोग नाई, हे मले कळते. तरी लिहिलं.

तुले माफ कर म्हणायची माझी लायकी नाई. तू मले लिहीत राहजो.

बंडू

*

अल्लीपूर
१९ जानेवारी २०२५

ती. दादा,

तुमाले अन् वहिनीले वच्छलाचा नमस्कार.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. उत्तर लिहाले लई दिवस लागले. डायलिसिसच्या दिवशी हातात बळ राहत नाई अन् दुसऱ्या दिवशी मन राहत नाई. आज बरं आहे. उन्हात खाट टाकून बसली आहे.

दादा, तुमी दवाखान्यात बोलले नाई ते बरं केलं. वांग्याचं विचारलं, मले तेवढं पुरलं. पण पत्रात तुमी सगळा दोष आपल्याच अंगावर घेतला, ते बरोबर नाई. तुमी विचारलं होतं, काऊन जमत नाई म्हणून. साफ विचारलं होतं. रागावून विचारलं, पण विचारलं. मी त्या दिवशी कागद घेऊन बसली होती. दोन ओळी लिहिल्याही होत्या. मग वाटलं, वहिनी वाचतील, तुमाले लाज वाटंल, दुकानात बसून हे वाचाचं म्हणजे. कागद चुलीत घातला अन् मळमळ, विसर, कामं, असंच काहीबाही लिहीत राह्यली. तवाच लिहिलं असतं तर तुमी धावत आले असते. हे मले खाटेवर पडल्या पडल्या रोज वाटते.

अन् एक सांगते, जे तुमाले माहीत नसंल. माय मले पहिल्यांदा बाजारात घेऊन गेली तवा मी दहा-अकरा वर्षांची असंल. तुमी शाळेत होते. निघताना मी पाण्याचा गिलास तोंडाले लावला तर मायनं तो हातातून काढून घेतला. म्हणली, बाजाराच्या दिवशी पाणी नाई प्याचं, लागलं तर ओठ ओले कराचे. बस, एवढंच. मलेही काऊन म्हणून विचारावं वाटलं नाई. संध्याकाळपर्यंत आपोआप कळलं. तुमी मले सवय लावत होते दादा, पण मले सवय होतीच, लहानपणची. तुमची तिच्यावर चढली नाई. मायलेही कमरेचं दुखणं होतं, आठवते ना? आपण ओझ्याचंच म्हणत होतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमंधी मी दवाखान्यात तवा पिंकी बाजारात जात होती. पोटात लेकरू घेऊन. मले कोणी सांगतलं नाई. घरी आल्यावर एका सकाळी तिले डाले भरताना पाह्यलं. मी म्हणलं, पाणी पिऊन जा. ती म्हणली, आल्यावर पिते. मी तिले असं करणं कधी शिकवलं नव्हतं. उलट तुमच्या बाटलीनं तिले पाणी पाजत होती. तरी ती शिकली. माह्याकडं पाहून शिकली.

त्या दिवशी मी ऑटोवाल्याले परत पाठवलं. प्रफुल ओरडला. म्हणे, माल सडंल, घरात दवाखान्याचा खर्च अन् तू बाजार बंद करते. मी म्हणलं, सडू दे. सगळं सांगतलं त्याले. लेकाले. भावाले सांगता आलं नाई ते लेकापुढं बसून सांगतलं, नाव घेऊन.  तो उठून बाहेर गेला. दुपारी कोणाची तरी जुनी हातगाडी घेऊन आला. आता पिंकी अल्लीपुरातच गल्लीगल्ली भाजी विकते. बाजाराएवढा माल खपत नाई. उरला तो प्रफुल मोटरसायकलवर घेऊन जाते. पण घर जवळ असते, वाटलं तवा पिंकी येऊन जाते. आता तिचे दिवस भरत आले म्हणून हातगाडीही प्रफुलच ओढते, ती नुसती सोबत जाते अन् तराजू धरते.

माह्या बाकीच्या सोबतिणी अजून त्याच बाजारात बसते. त्याइचं मी काय करू? एकीचा लेक शेतावर आला होता, त्याच्याजवळ निरोप देला, मायलेही गावातच विकाले लाव म्हणून. तो ऐकून हसला.

माहं विचाराल तर डॉक्टर म्हणते, नीट राह्यलं तर बरेच दिवस निघतात. आठवड्यातून दोनदा वर्ध्याले जाणं आहे. सगळ्यात कठीण पाणी आहे, दादा. आधी तहान मारत होती ती तिथं जागा नव्हती म्हणून. आता घरी आहे, मागं संडास आहे, माठ भरला आहे, अन् प्यायचं नाई. दिवसाचं पाणी पिंकी सकाळीच मोजून एका भांड्यात काढून ठेवते. वहिनीले सांगजा, फाटक उघडं ठेवजा. बाया आज आल्या नाई तरी उघडं ठेवजा. यायाले वेळ लागते.

अन् तुमी आपलं पाणी सोडू नका. मोरीत ओतलं म्हणता, तसं पुन्हा करू नका.

इथं सकाळी आता एक नेम झाला आहे. पिंकी उठली की माठाजवळ उभी राहते अन् मोठा गिलास भरून पिते, पुरा. मी खाटेवरून पाहत राहते. तिचं पिणं होईपर्यंत मी माह्या भांड्याले हात लावत नाई. मग एक घोट घेते अन् तो तोंडातच धरून ठेवते, लई वेळ.

तुमची
वच्छला